कबाडखान्यात एक्सल निवडताना

आमच्या ट्रकचा मागचा एक्सल झाशीजवळ बरुआसागरच्या अलीकडे तुटला, तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ट्रकमध्ये खडी भरलेली होती आणि नवरा गाडी चालवत होता. आधी खालून कुणीतरी लाथ मारावी तसा धक्का बसला, मग गाडी मागून खाली बसली आणि एक चाक आतल्या अंगाला कललं, असं त्याने नंतर सांगितलं. कशीबशी त्याने गाडी कडेला घेतली. कुणाला इजा झाली नाही. घरी बातमी आली तेव्हा सासऱ्यांनी पहिल्यांदा विचारलं ते हे, की खडी रस्त्यावर सांडली का.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. नवऱ्याला आयुष्यभर अहो-जाहो केलं, पण इथे लिहिताना तो म्हणते, म्हणजे कोण कोणाला काय म्हणालं याचा गोंधळ व्हायला नको.

मामंजी रेल्वेत होते. झाशीच्या फलाटावर गाडी थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन ते डब्यांच्या कडेने चालत जात आणि प्रत्येक चाकावर ठोका मारत. चाक खणखणीत वाजलं तर पुढे, बद्द वाजलं तर डबा गाडीपासून सोडवून बाजूला. त्यांचा कान चुकला असं कुणी कधी म्हटलं नाही. मी भुसावळची, माझे वडीलही रेल्वेतलेच, त्यामुळे हे ठोके मी लहानपणापासून ऐकलेले. हातोडा धरणाऱ्या माणसाच्या घरात राहायचं कसं असतं, ते मात्र झाशीला येऊन कळलं.

खंडेराव गेटजवळ आमचं घर होतं. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. मामंजी त्यात फार काटेकोर होते. फक्त नवऱ्याला रागवायचं असलं की ते घरातसुद्धा हिंदीत बोलत आणि आवाज चढवत, म्हणजे भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही नीट समजावं. नवरा त्यांचा एकुलता एक. त्याने रेल्वेत लागावं अशी त्यांची इच्छा होती, पण डोळ्यांच्या तपासणीत त्याला हिरवा-तांबडा नीट ओळखता आला नाही. मामंजींनी तो स्वतःचा अपमान मानला. निवृत्त झाल्यावर त्यांनी फौजेच्या लिलावातला जुना ट्रक घेतला आणि नवऱ्याच्या हाती दिला. कुणी भेटलं की सांगत, रेल्वेने नाकारलेला माल आहे, रस्त्यावर तरी चालतो का बघू.

खरं तर नवरा फार चांगला ड्रायव्हर होता. इंजिनाचा आवाज बदलला की त्याला बोलता बोलता कळायचं. खडीचं काम घेऊ नका, हा एक्सल एवढा भार पेलणार नाही, हे त्यानेच आधी सांगितलं होतं. मी चुलीपाशी होते, मी स्वतः ऐकलं. मामंजी म्हणाले, रेल्वेच्या वाघिणीत किती भार असतो ते मला शिकवू नकोस. एक्सल तुटल्यावर हे बोलणं त्यांच्या लेखी झालंच नव्हतं. गाडी खड्ड्यात घातली असशील, एवढंच ते म्हणत राहिले. नवऱ्यानेही त्यांना आठवण करून दिली नाही.

नवीन एक्सल परवडण्यासारखा नव्हता. कानपूर रस्त्यावर मोडक्या ट्रकांचा कबाडखाना होता, तिथून काढलेला एखादा जड कामाचा एक्सल घ्यायचा असं ठरलं. निघायच्या दिवशी सकाळी मामंजी मला म्हणाले, सूनबाई, तुम्हीही चला, येताना सीपरी बाजारातून तुमची खरेदी करून टाकू. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घालून तांदूळ निवडत राहिल्या. मला वाटलं, सासरे आज खुशीत आहेत. मी चांगली साडी नेसले.

कबाडखाना म्हणजे एक मोठं उघडं मैदान होतं. ट्रकांची चेपलेली तोंडं एकावर एक रचलेली, जमीन तेलाने काळी झालेली. एका झाडाखाली एक्सल ओळीने मांडून ठेवले होते. मालक वयस्कर होता, मामंजींना पंडितजी म्हणत होता. त्याने माझ्यासाठी खुर्ची मागवली. मजूर हातातली कामं सोडून बघायला लागले, कारण तिथे बाई कधी येत नसे.

मामंजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज लड़का पसंद करेगा. गाड़ी वही चलाता है."

नवऱ्याने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्याने बाह्या वर सरसावल्या. एकेका एक्सलपाशी तो उकिडवा बसे. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांची रुंदी त्याने सुतळीला गाठी मारून आणली होती, ती तो पाटे जिथे टेकतात त्या बैठकीला लावून बघे. चाकाच्या बोल्टांची भोकं जुळतात का, ते बघे. तेल भरायच्या भोकात बोट घालून आतलं तेल काढी आणि त्यात लोखंडाची चुरी लागते का, ते चिमटीत चोळून पाही. मधूनच माझ्याकडे बघे. एकदा तर एका एक्सलपासून उठून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "हा घेतला तर पुढची काही वर्षं बघायला नको."

तो एक्सल त्याने पसंत केला होता. नुकताच काळा रंग दिलेला, जाडजूड, दातेरी चाकं जवळजवळ नव्यासारखी. मामंजी हातोडा घेऊन त्याच्या मागे मागे चालत होते. त्यांनी त्या एक्सलवर एक ठोका मारला, थांबले, त्याच जागी परत एक मारला आणि मान डोलावली. नवऱ्याने त्याचा अर्थ होकार असा घेतला. मीही तसाच घेतला.

भाव ठरला. मजुरांनी एक्सल उचलून हातगाडीवर चढवला. चहा आला. नवरा मालकाशी हसून बोलत होता, मऊरानीपुरच्या बाजारात धान्याची वाहतूक मिळाली तर खडी सोडून देईन, असं काहीतरी सांगत होता. त्याचा चहा संपेपर्यंत मामंजी थांबले. मग त्यांनी मालकाकडे थोडं रॉकेल आणि एक फडकं मागितलं. खडू त्यांच्या कोटाच्या खिशातच होता. तो त्यांनी घरून आणला होता.

"पट्टे जहाँ बैठते हैं, वहाँ का रंग खुरच," ते नवऱ्याला म्हणाले.

त्याने खरवडला. मग मामंजींनी त्याच्याकडूनच तिथे रॉकेल चोळून घेतलं, पुसून कोरडं करून घेतलं, वर खडूची पूड लावून घेतली. रेल्वेत चाकांच्या धुऱ्यांची तपासणी अशीच करतात. भेग असली तर आत मुरलेलं तेल ठोक्यांनी बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. नवऱ्याला तोवर सगळं कळलं होतं. हातोडा त्याच्या हातात दिला तेव्हा तो ठोकेना.

"मारो," मामंजी म्हणाले.

त्याने ठोके मारले. खडूच्या पांढऱ्यावर केसाएवढी रेघ हळूहळू पुढे सरकत आली.

"क्या दिख रहा है?"

"दरार है," तो म्हणाला.

"जोर से. सबको सुनाओ."

त्याने परत सांगितलं. मजुरांपैकी कुणीतरी हसलं, मग बाकीचेही हसले. मालकाला ते आवडलं नाही. तो म्हणाला, पंडितजी, माझ्याही लक्षात आलं नव्हतं, मुलाचा काय दोष. मामंजींनी त्याला हाताने गप्प केलं आणि ते माझ्याकडे वळले. आल्यापासून त्यांनी मराठीचा शब्द उच्चारला नव्हता. आता अगदी हळू, नीट मराठीत म्हणाले, "सूनबाई, ह्या माणसाच्या भरवशावर तुम्हाला आयुष्य काढायचं आहे. बघून ठेवा."

मला कशासाठी आणलं होतं ते तेव्हा समजलं. मी पदर पुढे ओढला आणि खाली बघत बसले. नवऱ्याच्या हातात अजून तो हातोडा होता आणि त्याच्या बोटांना खडू लागला होता.

मग मामंजींनी निवड केली, आणि त्यांना फार वेळ लागला नाही. पलीकडे भंगाराच्या ढिगाच्या तळाशी गंजलेला एक फौजी एक्सल पडला होता, नवऱ्याने त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. तो बाहेर ओढायला लावला, सगळीकडून ठोकला, खडूने तपासला. कुठे रेघ आली नाही. बैठक जुळली, बोल्ट जुळले. हातगाडीवर आता तो चढला. मामंजींनी हातगाडी ओढणाऱ्या हमालांना जायला सांगितलं. गाडी हाच ओढेल, म्हणाले.

त्या एक्सलचं वजन एका माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. मालकाने आपला एक मजूर मागून ढकलायला दिला. मामंजींनी टांगा केला, मला बसवलं आणि टांगेवाल्याला हातगाडीच्या मागे, तिच्याच चालीने चालवायला सांगितलं. भर दुपारी आम्ही तसे निघालो. पुढे नवरा, खांद्याला दोर लावून वाकलेला, मागे आम्ही टांग्यात. ओळखीचे लोक भेटत होते. मामंजी त्यांना नमस्कार करत होते आणि विचारलं तर थांबून सगळी हकीकत सांगत होते. पहिल्या ठोक्यालाच ओळखलं होतं, म्हणत. मग नवऱ्यालाही थांबावं लागे, आणि थांबलेली गाडी परत हलवायला त्याला फार जोर लावावा लागे.

सीपरी बाजाराच्या अलीकडे चढ लागला. तिथे मी मामंजींना न विचारता खाली उतरले आणि हातगाडीच्या कठड्याला हात लावला. नवऱ्याने मान वळवली. त्याचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता.

"हात लावू नकोस," तो म्हणाला. "जाऊन बस."

मी परत टांग्यात जाऊन बसले. खरेदीही झालीच. मामंजींनी मला बांगड्या घेऊन दिल्या, रंग त्यांनीच पसंत केला.

तो एक्सल उत्तम निघाला. ट्रक त्याच्यावर वर्षानुवर्षं चालला, खडी, धान्य, विटा सगळं वाहिलं, एकदाही दगा दिला नाही. हीच गोष्ट मला सर्वांत जास्त खुपत आली आहे. ते चुकले असते तर नवऱ्याला काहीतरी धरून राहायला मिळालं असतं. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मामंजी ती गोष्ट सांगत, आणि पंगतीत वाढणाऱ्या नवऱ्याला विचारत, क्या दिखा था? तो सांगे, दरार. पाहुणे हसत.

त्या दिवसानंतर नवऱ्याने काही निवडलं नाही. स्वतःचा शर्टसुद्धा. मुलगी झाली, तिचं नाव काय ठेवायचं विचारलं तर म्हणाला, बाबांना विचार. मी कधी रागावून, कधी रडून बघितलं. तो ऐकून घ्यायचा आणि ट्रक घेऊन निघून जायचा.

मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास मामंजींना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समज मात्र शाबूत होती, डोळ्यांवरून कळायचं. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. मामंजींचं सगळं नवऱ्याने केलं. आंघोळ घालणं, भरवणं, खालचं काढणं. माझ्याकडून काही करून घेतलं नाही. गेटजवळचे लोक म्हणत, मुलगा असावा तर असा.

एका सकाळी, कडाक्याच्या थंडीत, मी त्यांच्या खोलीत गेले. आंघोळ होऊन मामंजी खाटेवर उघड्या अंगाने बसलेले होते आणि थरथरत होते. नवरा समोर उभा होता, एका हातात पांढरा सदरा, दुसऱ्या हातात पिवळट.

"कोणता घालू, बाबा?"

मामंजींनी डावा हात जरासा उचलला.

"असं नाही. जोराने सांगा."

त्यांच्या घशातून नुसता आवाज आला. नवरा हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो अगदी शांत होता. हे आजच चाललं आहे असं मला वाटलं नाही. रोजचं असावं, इतकं ते सवयीचं दिसत होतं.

"अहो, थंडी आहे," मी म्हणाले.

"मी कुठे काय करतोय? विचारतोय त्यांना."

मी अंगावरची शाल काढून मामंजींच्या खांद्यांवर टाकली. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि सोडेनात. खरं सांगायचं तर मला त्यांची दया आली नाही. मला भीती वाटली, ती समोर उभ्या असलेल्या माणसाची. मी मनगट सोडवून घेतलं, त्याच्या हातातून पांढरा सदरा घेतला आणि त्यांना घातला. त्या दिवसापासून सकाळचं कपड्यांचं काम मी माझ्याकडे घेतलं. नवऱ्याने विरोध केला नाही.

मामंजी उन्हाळ्यात गेले. तेराव्यानंतर थोड्याच दिवसांत नवऱ्याने ट्रक विकला आणि विकून आल्यावर मला सांगितलं. मग तो एका खासगी बसवर ड्रायव्हर म्हणून लागला. झाशी ते मऊरानीपुर, सकाळी जायचं, संध्याकाळी परत. पगार कमी होता. मी विचारलं, स्वतःची गाडी सोडून दुसऱ्याची कशाला? तो म्हणाला, बरं वाटतं.

एकदा मऊरानीपुरला एका लग्नासाठी मी त्याच बसने गेले. त्याच्या मागच्या बाकावर बसले होते. म्हातारी माणसं चढताना त्याला पंडितजी म्हणत होती आणि तो त्यांच्याशी बुंदेलीत बोलत होता, घरी बोलत नाही इतकं. एक बाई गाठोडं घेऊन धावत येत होती, तिच्यासाठी तो थांबला. बरुआसागरला बस उभी राहिली तेव्हा त्याने मागे वळून विचारलं, चहा घेणार का. मी हो म्हटलं. तो खाली उतरून टपरीपाशी गेला आणि मी खिडकीतून, त्या दिवशी टांग्यातून पाहिली होती तशीच, त्याची पाठ बघत राहिले.