शास्त्राच्या तासाला पायताण

डोळे उघडले तेव्हा नाकावर पायताण होतं.

सरांचं. मी फरशीवर आडवी, तोंडाला फेस, परकर ओला. भोवतीनं आठवीचा अख्खा वर्ग. पायताणामागं फळा दिसत होता आणि फळ्यावर मेंदू. सरांनीच रंगीत खडूंनी काढलेला. मोठा मेंदू, लहान मेंदू, खाली शेपटीसारखा लोंबणारा मज्जारज्जू. तोच धडा चालला होता आणि मला फिट आली होती.

"आली शुद्धीवर," सर म्हणाले. मग वर्गाकडं वळून, "येणारच. घरचाच वास आहे की तिच्या!"

वर्ग हसला.

आमचा धंदा पायताणांचा. कोल्हापुरात घराच्या दारातच बाबा बसायचे. कातडं भिजवायचे, त्याच्या बारीक वाद्या कापायचे आणि त्या वाद्यांनीच तळ शिवायचे. ते पायताणसुद्धा बाबांच्याच हातचं. वरची वेणी बघूनच ओळखली मी. माप घ्यायला बाबा सरांच्या पायाशी वाकले होते, तेही बघितलं होतं. काय सांगू तुम्हाला, त्या वासाची मला लहानपणापासून माया. त्या दिवशी पहिल्यांदा तो वास नकोसा झाला.

आदल्या महिन्यात त्याच वर्गात वकिलांची मुलगी चक्कर येऊन पडली होती. तिला सरांनी पुस्तकानं वारा घातला, पाणी पाजलं. तेव्हा पायताण कुणाला आठवलं नव्हतं.

मी उठून बसले. जीभ चावलेली. तरी फळ्याकडं बोट करून विचारलं, "सर, पायताणाचा वास ह्यातल्या कुठल्या भागाला लागतो? फिट कशानं थांबते?"

देवाशपथ, मला उलट बोलायचं नव्हतं. उत्तरच पाहिजे होतं. मेंदूकडनं निघालेले मज्जातंतू बोटाच्या टोकापर्यंत जातात, असं सर सांगत होते, आणि मला बाबांच्या वाद्या दिसत होत्या. एक वादी जास्त आवळली की सगळा तळ आखडतो. माझंही असंच होत असेल का? घरात कुणाला विचारणार? आई म्हणायची, बाहेरचं लागलंय. अंगारे लावून लावून कपाळ सोललं होतं. वाटलं, हा शिकलेला माणूस तरी सांगेल.

सरांनी कानफटात मारली.

दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावलं. हेडमास्तरांच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर ते हात जोडून उभे, शेजारी मी. आत हेडमास्तर आणि सर.

"सरांच्या पाया पडून माफी मागू दे," हेडमास्तर म्हणाले, "नाहीतर पटावरनं नाव काढतो. तसंही फिटवाल्या पोरीला शिकवून काय करणार तुम्ही?"

"पड की बाय पाया," बाबा म्हणाले. "शाळा सुटंल गं. मग तुला कोण इचारणार हाय?"

मी खाली बघितलं. सरांच्या पायात तीच पायताणं. खोटं कशाला बोलू, गुडघे वाकत होते माझे. शाळेपलीकडं नुसता अंधार. आणि तेवढ्यात लख्ख कळलं. फिट मेंदूतनं येते, हे ह्या माणसाला माहीत आहे. मेंदू त्यानंच काढला, नावं त्यानंच लिहिली. माहीत असून पायातलं काढलं. मी कोण, तेवढं बघून काढलं.

"मी न्हाई पडणार," म्हटलं. "मी फकस्त इचारलं."

नाव काढलं.

फिट येतच राहिली. नळावर, बाजारात, एकदा चुलीपाशी. भाजल्याची खूण हातावर अजून आहे. आणि दर वेळी शुद्धीवर येताना नाकाला कुणाचं ना कुणाचं पायताण. नको हा जीव, असं वाटायचं. रद्दीतली शास्त्राची पुस्तकं आणून एकटीच वाचत बसायचे. त्यात मेंदू सापडायचा, पायताण कुठंच नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "मेंदूत एकदम खळबळ उडते. ती बहुतेक वेळा आपोआप शमते. पायताणानं काही होत नाही." गोळ्या दिल्या. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. शाळा नाही मिळाली.

गोळ्या चालू आहेत. तरी कधीतरी पडते मी. म्हणून सांगून ठेवते. मला कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा. तोंडात काही कोंबू नका. आणि पायताण ज्याचं त्याच्या पायात राहू द्या. लावलंच कुणी नाकाला, तर शुद्धीवर आल्यावर मी पाणी मागणार नाही. आधी विचारणार, कुणाचं हे? आणि तो पुढं येईपर्यंत तिथनं उठणार नाही.