सोळा टायरांची थप्पी

माझ्या मामाचं कळंबला हायवेच्या कडेला पंक्चरचं दुकान आहे आणि माझा मामा गणिती आहे. हसू नका, खरंच सांगते! दहावीला गणितातच नापास झालेला, पण नंतर आमची सगळ्यांची जुनी पुस्तकं वाचून स्वतःच शिकला. शटरच्या आतल्या बाजूला खडूनं नुसते आकडे.

मामा जुने टायर उभे लावतो, थरावर थर. खाली पाच, त्यांच्या खाचांत चार, वर तीन. वरच्या थरात कायम एक कमी. तर त्याच्या ध्यानात आलं की बारा टायरांची अशी थप्पी लागते, पंधराची लागते, पण सोळाची काही केल्या लागत नाही. चार, आठ, बत्तीस, चौसष्टचीही नाही. दुप्पट-दुप्पट होत जाणारे आकडेच नेमके अडतात. का?

त्यानं हे मला सांगितलं आणि मी काय केलं, तर लगेच मोबाईलवर शोधलं. दोन मिनिटांत उत्तर! मी वाचायला तोंड उघडलं तर मामानं स्क्रीनवर काळाकुट्ट हात ठेवला.

"बंद कर. तीन वर्सं मी ह्याच्या मागं हाय. तू सांगितलंस तर ते माझं ऱ्हायचं न्हाई."

आता माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या घराला माहीत आहे. लई हाल झाले माझे. नारायणगावहून कॉलेज करून आले की मी दुकानात बसायचे आणि मामा बरोबर वाटेवर आला की माझ्या भुवया वर जायच्या. शेवटी तो म्हणाला, तोंड रस्त्याकडं करून बस. एका ट्रक ड्रायव्हरनं विचारलंही, काय राव, भाचीला शिक्षा केली का?

मग गेल्या महिन्यात बरेच जुने टायर एकदम आले. ठेवायला जागा नव्हती. थप्पी आणि भिंत यांच्यामध्ये वर रुंद होत जाणारी फट होती, मामा तीच भरायला लागला. खाली तीन मावले, वर चार, त्याच्यावर पाच. मागून टायर लावायचा आवाज एकदम थांबला. मी तरी वळले नाही!

"इकडं बघ गं," मामा हळूच म्हणाला. "थप्पीला उलटी थप्पी लागली. आता समदे थर सारखे. तीन थर, आठ-आठचे."

मग सुचेल तसं सांगत गेला. खाली पाच ठेवून दोन थर लावले तर नऊ-नऊचे, तीन लावले तर आठ-आठचे, चार लावले तर सात-सातचे. थर किती आणि एका थरात किती, या दोन आकड्यांतला एक कायम विषम निघतो. सोळाची दुप्पट बत्तीस. तिचे कसेही सारखे भाग करा, एकाहून मोठा विषम आकडा सापडतच नाही. मग थप्पी लागणार कशी!

मी मान हलवत राहिले.

मग त्यानंच मोबाईल मागितला. पडद्यावर सगळी अक्षरं, एन आणि के. दहावीत ज्यांनी त्याला पाडलं तीच. मामा बराच वेळ बघत बसला. मग त्यानं एनवर बोट ठेवलं.

"ह्यो थर," तो म्हणाला, आणि पुढची ओळ स्वतःच वाचायला लागला.