बाकावरची अमेरिकन पोरगी

दुबईत मुलाकडे राहते मी. इथल्या अल नहदाच्या बागेत ती रोज माझ्या बाकावर बसायची. अमेरिकेची तरुण पत्रकार, राजकारणावर लिहिणारी. मोडकं हिंदी बोलायची आणि सारखी मागे वळून बघायची.

आपल्याकडे ओळख म्हणजे काय हो, मुलाचं नाव आणि कंपनी! मी सांगितलं, वर तो घरी कंपनीच्या साहेबांबद्दल काय काय बोलतो तेही. तिने लिहून घेतलं. घरी येऊन सांगितलं, तर ऐकून मुलगा पांढराफटक. "आई, खलास! व्हिसा जाईल माझा!"

दुसऱ्या दिवशी धावत बागेत गेले. तिने आपणहून पान फाडून माझ्या हातात दिलं.

"आजी, माझ्या पहिल्या बातमीत एकाचं नाव छापलं. तो अजून सापडलेला नाही."

पान मी गॅसवर जाळलं. त्यानंतर ती दिसलीच नाही. मी तिचं नाव कधी विचारलंच नव्हतं. आता चौकशी कुणाची करू?