झंजालीचं बारसं

पडदा वर जातो तेव्हा सोलापुरातल्या गिरणीच्या चाळीची भरलेली ओसरी दिसते. मधोमध पाळणा. बाळाची आत्या रत्नम्मा नाव सांगायला वाकलेली आणि तशीच थांबलेली. साल एकोणीसशे एकोणतीस. आमच्या नाटक कंपनीचा मुक्काम तेव्हा तिथं होता, म्हणून मीही बोलावलेल्यांत होतो.

या गोष्टीचा नायक कोपऱ्यात, खांबाआड. मल्लिकार्जुन. सहा दिवस मागावर काम करायचा आणि रविवारी दुपारी चाळीला जादूची कादंबरी वाचून दाखवायचा. राक्षस आला की असा हसायचा की ते हसणं मी पुढं रंगभूमीवर बिनदिक्कत वापरलं.

पोटुशी कमलम्मा उंबऱ्यात बसून ऐकायची. तिची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. कादंबरीतली राजकन्या झंजाली सात वेळा मरणाच्या दारातून परत येते. मुलगी झाली तर हेच नाव, असं कमलम्मानं ठरवलं. मात्र नाव कानात चुकीचं पडलं तर लेकराला लागू पडत नाही, अशी तिची पक्की समजूत.

आता ते म्हणायचं कसं? झ झाडातला की झेंड्यातला? ज जागेतला की जगातला? लेखकानं मनानंच रचलेलं नाव, ते कादंबरीबाहेर कोणी उच्चारलेलंच नाही. मल्लिकार्जुननं एका रविवारी एक वाचलेलं, दुसऱ्या रविवारी दुसरं. ज्याला जे आठवलं ते त्यानं धरून ठेवलेलं. मल्लिकार्जुननं कादंबरी छापणाऱ्या पुण्याच्या छापखान्याला, उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं जोडकार्डही टाकलं होतं. लेखक वारले, आम्ही नुसते खिळे जुळवतो, असं उत्तर आलं. मग सगळे माझ्याकडे वळले. शुद्ध उच्चारांची घोकंपट्टी केलेला मी! चारही तऱ्हांनी म्हणून पाहिलं आणि चारही मला पटल्या.

बाळाचा बाप सिद्धप्पा वैतागला. "मल्ल्या, इतके दिवस वाचत हुतास का फुटाणे खात हुतास?"

ओसरी हसली. कमलम्मा तेवढी हसली नाही. ती मल्लिकार्जुनकडे बघत राहिली, आणि रत्नम्माची कंबर अवघडत चालली.

मल्लिकार्जुन खांबाआडून पुढं आला. पाळण्यात वाकला. बाळानं त्याचं बोट धरलं, ते त्यानं सोडवून घेतलं नाही. तसाच वाकून रत्नम्माला हळूच म्हणाला,

"अक्का, चारी बी सांगा की कानात. तिला पायजे ते ठिवून घेईल तिची ती."