तीनशे तारा आणि हळदीचं बोट

कोपरीच्या रतन भोईरला राग आला की ती ओरडत नाही. चष्मा काढते, पदराला पुसते, परत चढवते. तेवढं झालं की समजायचं, आता कुणाची तरी खैर नाही. त्या सोमवारी डोंबिवलीच्या कारखान्यात तिनं चष्मा तीनदा पुसला. का नाही पुसणार? अहो, समोर ठेवलेला कागदच तसला होता!

'खंडेनवमीच्या पूजेत कामगार रतन भोईर यांनी परवानगीशिवाय उपकरणाला हळदकुंकू लावले. चूक मला मान्य आहे.' खाली सहीला रेघ. सही केली की तिचं पॉलिशचं टेबल जाणार आणि उरलेली वर्षं खोकी चिकटवत बसायचं. कारखान्याच्या मालकानं, विनीतनं, तसं तोंडावर सांगितलं होतं.

त्या टेबलावर तिची एकोणीस वर्षं गेलीत. बाप मिठागरावर मजूर. मिठागरं गेली, जमिनीवाल्यांचे बंगले उठले, मजुराला कोण विचारतो? रतन या कारखान्यात आली ती खोकी चिकटवायलाच. विनीतच्या वडिलांनी तिच्या हाताची सफाई बघितली आणि केसाएवढ्या काचेच्या तारा तिच्यापुढे ठेवल्या. तारेचं टोक बारीक कागदावर आठाचा आकडा काढत घासायचं, मग त्याहून बारीक कागदावर, असे पाच कागद. मायक्रोस्कोपखाली एक ओरखडा दिसला की पुन्हा पहिल्यापासून. नवरा दौलत आठ वर्षांपूर्वी गेला, तेव्हाही चौदाव्या दिवशी बाई टेबलावर हजर होती. घरी बसून भिंती किती बघायच्या?

आत्ताचं काम मोठं होतं, लांबच्या डोंगरावरच्या दुर्बिणीचं. वेधशाळेची इंजिनियर ऐश्वर्या पहिल्याच दिवशी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसली होती. "ताई, या चकतीत तीनशे भोकं, तीनशे तारा. एका तारेत एका दीर्घिकेचा उजेड शिरणार. दुसऱ्या टोकाला आमचा स्पेक्ट्रोग्राफ तो उजेड फोडून रंगांचा पट्टा करणार. पट्ट्यात काळ्या रेघा असतात, त्यांवरून कळतं ती किती लांब आहे, कशाची बनलीय."

"आणि माझ्या टोकावर ओरखडा राहिला तर?"

"तर ती दीर्घिका आपल्याला नीट दिसणारच नाही."

झालं! त्या दिवसापासून रतन एकेक टोक तीनतीनदा तपासायला लागली. शेजारणीला सांगायची, "आज चार दीर्घिका झाल्या गं." शेजारीण म्हणायची, हिला वेड लागलंय.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तीनशेवं टोक झालं. रतननं चकतीवर झाकण बसवलं, स्क्रू आवळले, पेटी कपाटात गेली, किल्ली विनीतच्या खिशात गेली. दुसऱ्या दिवशी पूजेला ती नेहमीसारखी दाराशी उभी राहिली आणि प्रसाद घेऊन घरी गेली.

सोमवारी चाचणी. ऐश्वर्यानं चकतीपुढे पांढरा दिवा लावला आणि लॅपटॉपवर तीनशे पट्टे उमटले, जांभळ्यापासून लालपर्यंत. पण बावीस पट्ट्यांत निळा-जांभळा गायब. कुणीतरी खाल्ल्यासारखा. ऐश्वर्यानं चकती मायक्रोस्कोपखाली धरली. मधल्या बावीस टोकांवर पिवळं वाळलेलं होतं, वर लाल कण.

"ही हळद आहे," ती म्हणाली. "आणि कुंकू."

विनीतचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "या जुन्या बायका! मशीन दिसलं की हळदकुंकू. किती सांगायचं यांना?" तो केबिनमध्ये गेला आणि तो कागद छापून घेऊन आला.

ऐश्वर्याचं बोलणं जास्त लागलं. "ताई, होते चूक. सही करा, म्हणजे मला वरती मुदत मागता येईल."

या पोरीनंही खरं मानलं! रतनच्या डोक्यात तिडीक गेली. तिसऱ्यांदा पुसलेला चष्मा नाकावर चढवून ती उठली.

"विनीत, तुला शेठ म्हणते, कारण बापाच्या खुर्चीत बसलायस. आज नाय म्हणणार. आठ वर्षं झाली दौलतला जाऊन. आठ वर्षं दर खंडेनवमीला तुझी आई ताट घेऊन फिरते आणि मला म्हणते, 'रतन, तू नको गं, तू मागं उभी राहा.' ज्या मायक्रोस्कोपवर मी डोळे फोडले, त्याला मी हळद लावली का कधी? सांग ना! विधवेचा हात ताटाला नको. आणि बोलणी खायला तीच विधवा पाहिजे? लाज कशी वाटत नाय रे तुला?"

ऐश्वर्या मान खाली घालून म्हणाली, "ताई, माझं चुकलं." मग विनीतकडे वळली. "कपाटाची किल्ली कुणाकडे होती?"

"आई म्हणाली, आकाश बघणारं यंत्र आहे, एक बोट लावू दे," विनीत पुटपुटला. "मीच झाकण काढलं. आईचं नाव कसं लिहिणार?"

"माझं कसं लिहिलंस?"

विनीतनं चकतीकडे बघितलं. "पण रतनबाई, ती टोकं परत तुम्हालाच..."

"घासते. तुझ्यासाठी नाय, त्या बावीस दीर्घिकांनी माझं काय घोडं मारलंय?" तिनं कागद उलटा केला आणि त्याच्या हातात पेन खुपसलं. "लिही आधी. झाकण कुणी काढलं, हळद कुणी लावली. तुझ्या हातानं. खाली सही."

विनीतनं लिहिलं. रतननं ते दोनदा वाचलं, ऐश्वर्याच्या हातात दिलं आणि टेबलाशी बसली. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून तिनं पहिलं टोक पुसलं. कापूस पिवळा झाला, आणि तिच्या बोटाचं टोकही.

आठ वर्षांनी या कारखान्यातली हळद तिच्या बोटाला लागली होती. तिला रडू आलं असतं, पण रागानं ते येऊ दिलं नाही. तिनं ते बोट स्पिरिटनं खसाखसा पुसलं आणि पहिला कागद टेबलावर अंथरला.