दोघांचा हौद

“माझं तोंड बघू नका, माझे हात बघा,” असं लालबाई येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ऐकवायच्या. व्यापाऱ्यांना ऐकवलं, भाव पाडायला आलेल्या दलालांना ऐकवलं, आणि सुनेला मागणी घालायला गेल्या तेव्हा तिच्या बिचाऱ्या वडिलांनाही ऐकवलं. हात होतेही बघण्यासारखे. कोपरापर्यंत लाल. ते कधी धुऊन निघाले नाहीत, आणि निघावेत असं बाईंना वाटलंही नाही.

ओढ्याच्या अलीकडे त्यांचा कापड रंगवायचा कारखाना, पलीकडे निळ्याचा. मधे ओढ्यावर एक फळी टाकलेली. निळ्याचे केस कधीच पिकले होते, पण लालबाईंच्या तोंडी तो निळ्याच. तो त्यांना वहिनी म्हणायचा, कारण उमेदीच्या काळात त्यांच्या नवऱ्याबरोबर त्यानं एकाच पिंपात काठी फिरवली होती. निळा रंग त्याच्याकडून घ्यावा आणि लाल बाईंकडून, हे गिऱ्हाइकांत ठरून गेलेलं. लाल आपल्यालाही जमावा म्हणून त्यानं काय नाही केलं! पण जमला नाही.

रंगाऱ्याला दुसऱ्याचा रंग ओळखायला त्याच्या पिंपात डोकावावं लागत नाही, त्याची मोरी बघितली तरी पुरतं. लालबाईंच्या लालाखाली पिवळा असायचा. कापडाला आधी पिवळ्याचा हात, मग लाल. सासूकडून आलेली ही गोष्ट सुनेखेरीज त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. पण मोरीतून आधी पिवळं आणि मागून लाल पाणी वाहिलं की पलीकडच्याला सांगायचं काय उरलं? म्हणून पाणी सोडताना बाई मोरीत डबाभर काळा रंग ओतायच्या. पलीकडे निळ्याही आपला निळा लपवायला तेच करायचा. दोघं आपापलं गुपित सांभाळत होते आणि ओढा काळा ठिक्कर वाहत होता.

मग खालच्या वस्तीच्या विहिरींना काळपट पाणी लागलं. माणसं आली आणि दोघांना शेजारी शेजारी उभं करून म्हणाली, “ओढा साफ करा, नाहीतर दोन्ही कारखान्यांना कुलूप लागेल.” एकट्यानं हौद बांधायची ऐपत दोघांचीही नव्हती. शेवटी जागा लालबाईंची आणि विटा निळ्याच्या असा सौदा झाला. दोन्हीकडचं पाणी हौदात घ्यायचं, चुना आणि तुरटी टाकायची, रंग तळाशी बसला की वरचं नितळ पाणी ओढ्यात सोडायचं.

हौद बांधून झाला. लाल बसला, निळा बसला. काळा काही बसेना.

“वहिनी, तुम्ही काळा टाकताय.”

“आणि तू काय, दूध ओततोस?”

“माझा तो चमचाभर.”

“तुझ्या चमच्याला बादलीची कडी आहे रे.”

सुनेला हसू आवरेना. पण संध्याकाळी सासूजवळ बसून ती हळूच म्हणाली, “आई, आपणच आधी थांबलो तर?”

“म्हणजे माझी सासू उचलून निळ्याच्या घरात नेऊन बसवू?” लालबाई कडाडल्या. आणि मग कितीतरी वेळ गप्प बसल्या. सून उठली नाही. ह्या बाईचा राग बोलण्यात असतो आणि विचार गप्प बसण्यात, हे तिला एव्हाना ठाऊक झालं होतं.

सकाळी त्यांनी निळ्याला हौदावर बोलावलं आणि काळ्याचा थेंबही न टाकता मोरी उघडली. आधी पिवळं आलं. उन्हासारखं पिवळं. मागून लाल. निळ्या गुडघ्यांवर हात टेकून वाकला तो वाकलेलाच राहिला.

“पिवळा,” तो म्हणाला. “अख्खी उमर गेली, वहिनी.”

“बघितलंस ना? आता तुझा डबा बंद.”

त्यानं केला बंद. हौदातून जे पाणी बाहेर पडलं, त्यात ओढ्याच्या तळाचे गोटे दिसू लागले, तांबूस, करडे, ठिपक्याठिपक्यांचे. इतकी वर्षं ते तिथेच होते.

पण थोड्याच दिवसांत निळ्याच्या दोरीवर लाल कापड वाळताना दिसलं. लालबाईंचा जुना व्यापारी तिकडे गेला, जाताना मान फिरवून गेला. बाई जेवल्या नाहीत. सुनेनं जे पोटात धरलं होतं ते त्या संध्याकाळी ओठांवर आलं, “माझ्यामुळे झालं हे.”

त्यातच हौद तुंबला. चुना पुरेना, तुरटी पुरेना, पाणी गुलाबी होऊन ओढ्याला लागलं. सून काळ्याचा डबा घेऊनच आली. “हौद असाही बिघडलाच आहे. निदान आपलं उरलंसुरलं तरी झाकू.”

लालबाईंनी हौदातलं पाणी ओंजळीत घेतलं, उजेडात धरलं. “हा माझा लाल नव्हे. माझा कापड सोडून जात नाही. ह्या शहाण्यानं पिवळं ओलं असतानाच कापड लालात बुडवलंय. अर्धा रंग कापडावर, अर्धा हौदात.”

“मग बुडू दे त्याचा धंदा. गिऱ्हाईक आपसूक परत येईल.”

“येईल की. पण तोवर खालची माणसं काय पितील?” त्यांनी ओंजळ सोडली आणि ओढ्यापलीकडे हाक घातली, “अरे निळ्या! चोरायचाच तर नीट चोरावा माणसानं!”

निळ्या ओलं कापड घेऊनच बाहेर आला. चेहरा पडलेला. “वहिनी, पक्का होतच नाही हो.”

“कसा होईल? पिवळं सावलीत पुरतं वाळू दे, मग लालात घाल.”

“पुरतं म्हणजे कितपत?”

सासूनंही लालबाईंना हे शब्दांत सांगितलं नव्हतं, शेजारी उभं करून दाखवलं होतं.

“काठी कुठली वापरतोस? तीसुद्धा धड नसेल,” असं पुटपुटत त्या फळीकडे निघाल्या. फळी त्यांच्या वजनानं वाकली. निळ्यानं आधाराला हात पुढे केला, तर म्हणाल्या, “हो बाजूला, पडायची तेव्हा पडेन.” मग त्याच्या पुढे होऊन त्या त्याच्या कारखान्याच्या दारातून आत शिरल्या. तो कापड सावरत मागोमाग गेला. अलीकडच्या काठावर, हातातला डबा खाली ठेवायचंही विसरून, सून बघत राहिली.