सुकलेल्या साबणाची बाजू

गाऱ्हाणे नसलेला माणूस एखादे वेळी डिचोलीत सापडेलही, पण माझ्या जावेच्या मामांनी आपले करून घेतले नाही असे गाऱ्हाणे सगळ्या तालुक्यात सापडणार नाही. मामा डिचोलीजवळच्या मुळगावचे. पाळीच्या खाणीवर टाइमकीपर होते, आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्यांच्या वतीने बोलणे हाच त्यांनी पूर्णवेळ उद्योग धरला. लग्नाचे बोलावणे आमचे, म्हणजे मुलीकडचे. पण मुलाकडच्यांना चहा उशिरा मिळाला म्हणून मामा आमच्याशीच वाद घालीत. पाव भाजणाऱ्या गावच्या पोदेराने आपले उंडे लहान केले तेव्हा त्यांनी गावापुढे पोदेराची बाजू मांडली आणि पोदेरापुढे गावाची. उंडे काही वाढले नाहीत, पण मामांवर दोघेही खूश. म्हापशाच्या स्टँडवर पेडण्याच्या बसमध्ये एका मासेवालीची पाटी घेत नव्हते, तर मामा कंडक्टरला समजावत आत चढले. पाटी मार्गी लागली, पण त्या नादात डिचोलीला जायचे सोडून मामा पेडण्याला पोचले.

गोवा तेव्हा नुकताच घटक राज्य झाला होता. भाषेच्या वादात एकेका घरात दोन तट. मामा अर्ज मराठीत लिहीत, अधिकाऱ्यांशी कोकणीत बोलत आणि दोन्हीकडच्यांची बोलणी हसत खात. साबण, लोणची, अगरबत्त्या करणाऱ्या आम्हा लहान कारखानदारांची एक संघटना होती, तिचे चिटणीस मामा. त्यांचा स्वतःचा काही माल नव्हता. पणजीच्या बसमध्ये पुन्हा पुन्हा बसायला दुसरे कोणी तयार नव्हते, एवढीच काय ती निवडणूक.

आमची कपड्यांच्या साबणाची शेड होती. खोबरेल आणि कॉस्टिक सोड्याचा साबण ओतायचा, तारेने वड्या कापायच्या, कागदात बांधून म्हापशाला पाठवायच्या. बेळगावकडची काही माणसे कामाला होती आणि आमचे सगळे घर त्या शेडवरच चालायचे. एका उन्हाळ्यात वजनमाप खात्याच्या निरीक्षकाने म्हापशाच्या दुकानात आमच्या वड्या तोलल्या. कागदावर छापलेल्यापेक्षा वजन कमी भरले. माल जप्त झाला, विक्री थांबली. आम्ही लबाडी केली नव्हती. ओली वडी दुकानात पडून सुकते, तसे तिचे वजन घटते. पण काट्यापुढे हे सांगायचे कोणी? इतर साबणवाल्यांचीही तीच गत झालेली. हा नियमच आमच्यावरून काढून टाकायला लावा, असे आम्ही सगळ्यांनी मामांना सांगितले. मामांनी ऐकून घेतले, हो मात्र म्हटले नाही.

पणजीला मोठ्या साहेबांपुढे आम्ही ओळीने बसलो. मामांनी पिशवीतून एक ताजी वडी आणि एक जुनी, सुकून वाकडी झालेली वडी काढून टेबलावर ठेवली. "साहेब, साबण सुकता," ते म्हणाले, "तांतूंत चोरी ना." साहेब कागदांतून मान वर करीनात. तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "पूण आमच्यांतले कांय जाण उदक चड घालतात, तेंय खरें. गिरायक फसचें न्हय म्हूण नेम आसा, तो उरूंक जाय. फकत सुकिल्लो साबण आनी फटयल्लो साबण, दोनूय वेगळे वळखात."

नियम काढा म्हणायचे सोडून मामा तो राहू द्या, फक्त सुकलेला आणि फसवलेला साबण वेगळा ओळखा, म्हणत होते. आमच्या ओळीत कोणी खाली पाहिले, कोणी छताकडे. जास्त पाणी घालणारे एक गृहस्थ माझ्या शेजारीच बसले होते, त्यांनी तर डोळेच मिटले. पण साहेबांनी पेन खाली ठेवले, चहा मागवला आणि मग काय करायचे म्हणता, असे विचारले. वड्या नीट सुकवूनच बांधायच्या, छापलेले वजन बांधतानाचे आहे असे कागदावर लिहायचे आणि तपासणी शेडमध्ये, बांधणीच्या दिवशी करायची, असे मामांनी सुचवले. त्यासाठी त्यांना पुढे बरेच हेलपाटे घालावे लागले, पण बहुतेक सगळे मान्य झाले. आम्ही ताकीद मिळून सुटलो.

परतताना त्या शेजारच्या गृहस्थांनी बसमध्येच मामांना विश्वासघातकी म्हटले. मामा रागावले नाहीत. "तुमचे खोटे लपवले असते, तर तुमचे खरे त्यांनी कशाला ऐकले असते?" एवढेच म्हणाले.

आम्ही शेडमध्ये लाकडी फळ्या ठोकून वड्या सुकवू लागलो. सुकलेला साबण पाण्यात लवकर विरघळेना, तेव्हा म्हापशाच्या बायका तोच मागू लागल्या. बेळगावची माणसे टिकली, माझ्या मुलांची शिक्षणे झाली. मामांनी त्याबद्दल कधी काही घेतले नाही. नवीन खेपेतल्या वडीचा वास तेवढा घ्यायचे आणि बरा आहे म्हणायचे.

पुष्कळ वर्षांनी मामा आजारी पडले. मी म्हापशाच्या इस्पितळात गेले तेव्हा ते उशीला टेकून, धापा टाकत, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला पंख्याचा वारा लागत नाही हे नर्सला पटवून देत होते. एवढ्यात डॉक्टर आले आणि तुम्हाला काय त्रास होतो म्हणून विचारू लागले. मामा गोंधळून माझ्याकडे बघू लागले. जन्मभर दुसऱ्यांसाठी चाललेली ती जीभ जणू जड झाली. "म्हाका कांय ना," ते हळूच म्हणाले.

मी खाटेजवळ सरले. रात्रभर त्यांना झोप नाही, छातीत दुखते, जेवण जात नाही, असे जावेकडून कळलेले सगळे मी डॉक्टरांना एकेक करून सांगितले. मामा डोळे मिटून ऐकत होते आणि मधूनमधून, बरोबर आहे अशी मान हलवत होते.